रानातल्या शोधाला आपली मुलं

पावसाळ्यात सह्याद्रीच्या गडांवर धुकं उतरलं की ट्रेकर वाट चुकतात, आणि आधी धावतात ती पायथ्याच्या गावचीच माणसं. म्हणून आम्ही गटात ठरवलं, १५-१६ वर्षांच्या मुलामुलींना हे काम रीतसर शिकवायचं.

आयांचा पहिला प्रश्न, पोरांना दरीत उतरवणार का? मुळीच नाही. दोरावरचं काम लोणावळ्याच्या ‘शिवदुर्ग मित्र’सारख्या तयार पथकांचं. आपली मुलं, तीही मोठ्या माणसांसोबतच, दुसरं शिकतील. हरवलेला माणूस शेवटचा कुठं, किती वाजता दिसला, अंगात कोणत्या रंगाचे कपडे, हे लिहून घ्यायचं. पाऊलखुणा तुडवायच्या नाहीत. हाक मारली की सगळ्यांनी गप्प राहून कान द्यायचा; हे पोरांना सगळ्यात अवघड! मिनिटाला ६ शिट्ट्या म्हणजे मदत हवी, ३ म्हणजे ऐकू आलं. मान-पाठ दुखावलेल्याला उगाच हलवायचं नाही. आणि निघण्याआधी ११२ ला फोन.

काही घरांतून मुलींना ‘नको’ म्हणतात. अहो, सरपणापायी, शेळ्यांमागं रान कुणी पालथं घातलंय? पाणवठ्याच्या वाटा त्यांनाच ठाऊक. रविवारी सकाळी ८ ला शाळेपाशी त्यांनाही पाठवा. शिट्टी आणि जेवण गटाकडून.