बळ आणि दमसास
(मंडळाच्या सुवर्णमहोत्सवी व्याख्यानमालेत दिलेले भाषण)



व्याख्यानमालेच्या कार्यवाहांनी आमच्याकडे विषय मागितला, तेव्हा आम्ही पलटणीतल्या आठवणी सांगू अशी त्यांची अपेक्षा असावी. आठवणींना अंत नसतो, आणि सांगणाऱ्याला त्यात जितका रस असतो तितका ऐकणाऱ्याला नसतो, हे आम्ही निवृत्तीनंतर घरातच शिकलो आहोत. म्हणून त्या बाजूला ठेवून, या सभागृहामागच्या ज्या खोलीला आपण कौतुकाने व्यायामशाळा म्हणतो, तिथे मुलांना शिकवताना आम्हांला जे कळले, आणि त्यातले काही फार उशिरा कळले, ते आज सांगावे असे ठरविले आहे.

जबलपूरच्या मराठी माणसाला फौज परकी नाही. तोफगाड्यांचा कारखाना इथे १९०४ साली आला आणि आपल्यापैकी कित्येकांचे आजोबा-पणजोबा त्याच्या भोंग्यावर उठले. ग्रेनेडियर्स आणि जम्मू-काश्मीर रायफल्स या दोन रेजिमेंटांची प्रशिक्षणकेंद्रे याच गावात आहेत. अशा गावातल्या मुलाला वर्दीची ओढ लागली तर नवल नाही. पण आजच्या मुलाला आणखी एक ओढ असते. हातातल्या मोबाइलवर तो रोज पिळदार दंडांची, रुंद छातीची शरीरे पाहतो आणि आपलेही तसे व्हावे असे त्याला वाटते. 'उस्ताद, बॉडीही बनवायची आहे आणि भरतीही काढायची आहे,' असे तो सांगतो. या दोन इच्छा एका देहात नांदू शकतात काय, हा आजचा प्रश्न.

उत्तरापूर्वी एक कबुली द्यावयाची आहे. २०१७ साली आपल्याच मंडळातील एका कुटुंबाचा मुलगा आमच्याकडे आला. वजन ५८ किलो, अंग काटक, पळण्यात चपळ. त्याला बळ हवे होते. आम्ही त्याला लोखंडाकडे लावले. मुलगा कष्टाळू, आई खाऊ घालणारी. दीड वर्षात वजन ७१ किलोवर गेले. गणेशोत्सवात त्याने याच रंगमंचावर शरीरसौष्ठवाचे प्रयोग केले, तेव्हा टाळ्यांचा कडकडाट झाला आणि आमचीही छाती फुगली. धावणे त्याने जवळजवळ सोडले होते, हे आम्हांला दिसत होते. पण पूर्वी पळत होता, आताही पळेल, असे आम्ही गृहीत धरले. भरतीच्या मैदानावर १.६ किलोमीटरला त्याला सहा मिनिटांच्या वर दोन सेकंद लागले. तेव्हाची मर्यादा ५ मिनिटे ४५ सेकंदांची होती. पुढच्या मेळाव्यापर्यंत वयाची अट उलटून गेली. त्याच्या वडिलांनी आम्हांला एका शब्दाने दोष दिला नाही. दिला असता तर बरे वाटले असते.

फौजेत अनेक वर्षे पी.टी. शिकवलेल्या माणसाकडून ही चूक व्हावी, याची लाज आम्हांला आजही वाटते. पण चूक नेमकी कुठे झाली?

भरतीचे मैदान काय मागते ते आधी पाहू. २०२२ साली अग्निपथ योजना आली तरी धावण्याचे आणि बीमचे, म्हणजे पुल-अप्सचे, महत्त्व कमी झाले नाही. १.६ किलोमीटर ५ मिनिटे ३० सेकंदांत संपविणाऱ्यास पूर्ण ६० गुण आणि १० बीमांना ४० गुण, हा हिशेब मुलांना तोंडपाठ आहे. ४०० मीटरच्या मैदानावर याचा अर्थ प्रत्येक फेरी साडेब्याऐंशी सेकंदांत, अशा चार फेऱ्या. याखेरीज नऊ फुटांचा चर ओलांडणे आणि अरुंद नागमोडी फळीवरून तोल सांभाळीत जाणे. राष्ट्रीय संरक्षण प्रबोधिनीत जाऊ इच्छिणाऱ्यांना २.४ किलोमीटर १५ मिनिटांत, जोर व सिट-अप्स किमान वीस-वीस, चिन-अप्स आठ आणि तीन-चार मीटर दोर चढणे, एवढी तयारी करून येण्याची सूचना असते. (२०२२ पासून प्रबोधिनीत मुलीही जातात, तेव्हा पहिल्या रांगेतल्या कन्यकांनीही कान द्यावा.) पुढे पलटणीत गेल्यावर हत्यार आणि सामान अंगावर घेऊन पाच किलोमीटर धावावे लागते. यातील एकही कसोटी दंडाचा घेर मोजत नाही. प्रत्येक कसोटीत माणूस स्वतःचेच वजन वाहून नेत असतो.

इथेच मर्म आहे. स्नायूची ताकद त्याच्या आडव्या छेदाच्या प्रमाणात वाढते, वजन मात्र त्याच्या आकारमानाच्या प्रमाणात. म्हणून देह मोठा होत जातो तसतसा बीमवर तो स्वतःलाच जड वाटू लागतो. वैद्यकीय तपासणीतही उंचीच्या मानाने वजन अधिक भरले तर अडते; राष्ट्रीय पातळीवर शरीरसौष्ठव, कुस्ती वा मुष्टियुद्ध खेळल्याचा लेखी पुरावा असेल तरच तिथे सवलतीचा विचार होतो, आणि तोही कंबरेचा घेर मोजून. गणेशोत्सवातल्या टाळ्या त्या पुराव्यात धरीत नाहीत.

मग वजन उचलूच नये काय? असे म्हणणारे जुने उस्ताद आम्ही पाहिले आहेत. 'लोखंडाने शरीर जखडते' हे त्यांचे वाक्य. ते खरे नव्हे. वाढत्या वजनाचा शास्त्रशुद्ध व्यायाम प्रतिष्ठा पावला तो लष्करी रुग्णालयातच. दुसऱ्या महायुद्धाच्या काळात थॉमस डिलॉर्म या अमेरिकन लष्करी डॉक्टरने जखमी सैनिकांच्या दुबळ्या पायांना क्रमाक्रमाने जड वजने उचलावयास लावली आणि १९४५ साली त्याचे निष्कर्ष प्रसिद्ध केले. पाठीवर पिट्टू घेऊन डोंगर चढणाऱ्याला, जखमी सोबत्याला खांद्यावर घेणाऱ्याला बळ लागतेच. केवळ पळणारा हरणासारखा शिपाई तिथे कमी पडतो.

बळ आणि दमसास यांचे भांडण मात्र काल्पनिक नाही. रॉबर्ट हिक्सन नावाचा एक संशोधक स्वतः वजने उचलणारा होता. ज्या प्रयोगशाळेत तो कामाला लागला तेथील प्रमुख रोज धावावयास जात. हाही त्यांच्याबरोबर धावू लागला आणि आपले बळ ओसरते आहे असे त्याच्या ध्यानात आले. पुढे त्याने दहा आठवड्यांचा प्रयोग केला. एक गट केवळ पायांचे बळ वाढविणारा, दुसरा केवळ दमाचा, तिसरा दोन्ही करणारा. तिसऱ्या गटाचा दम दुसऱ्या गटाइतकाच वाढला. बळ मात्र सातव्या आठवड्यापर्यंत चढले, मग थबकले आणि शेवटच्या दोन आठवड्यांत उतरू लागले. १९८० साली हे प्रसिद्ध झाले आणि दोन्ही एकत्र करू नये असा अनेकांनी त्याचा अर्थ लावला. पण तिसरा गट आठवड्यातून पाच दिवस जड वजने आणि सहा दिवस कसून धावणे-सायकल असा दुहेरी भार वाहत होता, हे विसरून चालणार नाही. नंतरच्या अनेक प्रयोगांचा एकत्र हिशेब २०२२ साली मांडला गेला, तेव्हा असे दिसले, की दोन्ही जोडीने केल्याने स्नायूंची वाढ आणि बळ यांना विशेष बाध येत नाही. झटक्याने लावावयाची ताकद तेवढी थोडी मंदावते, आणि तीही दोन्ही व्यायाम एकाच बैठकीत उरकले तर अधिक. आमच्या शिष्याचे नुकसान वजनांनी केले नव्हते. आम्ही त्याचे धावणे सुटू दिले, त्याने केले.

आता आम्ही काय करवून घेतो ते सांगतो. आठवड्यात तीन दिवस वजने, तीन दिवस धावणे, एक दिवस पूर्ण विश्रांती. वजनांत खांद्यावर बार घेऊन बैठका, जमिनीवरून बार उचलणे, डोक्यावर ढकलणे, आणि बीम. प्रत्येकाचे तीन सेट, पाच ते आठ आवर्तनांचे. आणखी एखाद-दुसरे निघेल असे वाटत असतानाच थांबावे. सगळे सेट नीट निघाले तरच पुढील खेपेस अडीच किलो वाढवावे. पहिल्या काही आठवड्यांत ताकद वाढते पण दंड वाढत नाहीत, आणि मुले निराश होतात. त्या काळात मज्जासंस्था असलेल्या स्नायूंना कामाला लावायला शिकत असते. देह नंतर भरतो.

धावण्याचे दोन दिवस संथ, चार ते सहा किलोमीटर, शेजारच्याशी बोलता येईल इतक्या गतीने. मुलांना हे अपमानास्पद वाटते. तिसऱ्या दिवशी ४०० मीटरच्या चार ते सहा फेऱ्या भरतीच्या वेगाने, मध्ये दोन-तीन मिनिटांचा विसावा. बैठकांचा दिवस आणि वेगाचा दिवस लागोपाठ येऊ देऊ नये. एकाच दिवशी दोन्ही करावे लागले तर मध्ये निदान सहा तास जावेत. अंतर एकदम वाढविले तर नडगीचे हाड तडकते. हाडावर एकाच जागी बोट दाबले की कळ येते, असे झाले तर आमच्याकडे न येता डॉक्टरांकडे जावे. आमच्या लहानपणी यावर हळदीचा लेप लावून पुन्हा पळवीत असत. आम्हीही पळालो आहोत, आणि तो डावा पाय अजून पावसाळ्यात बोलतो.

प्रत्येक मुलाने वहीत दोन आकडे लिहावयाचे: महिन्याचे वजन आणि महिन्याची १.६ किलोमीटरची वेळ. वजन महिन्याला किलोभर वाढले आणि वेळ तशीच राहिली वा उतरली, तर ती वाढ पोटात ठेवण्याजोगी आहे. वेळ चढू लागली की ताटातले नव्हे, आधी लोखंडावरचे लक्ष कमी करून मैदानावर जावयाचे. भरतीपूर्वीच्या सहा आठवड्यांत वजनांचा दिवस एक-दोनच ठेवतो. तेवढ्यानेही कमावलेली ताकद टिकते.

आहाराबद्दल मातांना दोन शब्द. साठ किलोच्या मुलाला बळ कमावताना दिवसाला ९० ते १०० ग्रॅम प्रथिने पुरतात. अर्धा लिटर दूध, वाटीभर कच्च्या डाळीचे वरण-उसळ, मूठभर फुटाणे, मूठभर शेंगदाणे, आणि दिवसाच्या पोळ्या-भाकऱ्या एवढ्यात हा आकडा बहुतेक गाठला जातो. अंडी खाणाऱ्या घरात आणखी सोपे. महागड्या डब्यातील भुकटीत दुधापेक्षा निराळे काही देवत्व नाही. इंजेक्शने आणि गोळ्या मात्र विष समजावे. त्या हृदयाचा स्नायू जाड करतात, अंडकोश आकसवतात, आणि हे सारे विकणारा दुकानदार भरतीच्या दिवशी मैदानावर नसतो.

आमच्या जुन्या आखाड्यांना हे सारे निराळ्या शब्दांत ठाऊक होते, असे म्हणण्याचा मोह होतो. अर्धा तो खरा आहे. दुसऱ्या बाजीरावाच्या काळात बाळंभटदादा देवधरांनी पुन्हा उभा केलेला मल्लखांब पाहा. दोराच्या मल्लखांबावर जड देहाला थारा नाही, आणि तेथे कमावलेली पकड दोर चढताना थेट उपयोगी पडते. म्हणून गेल्या पावसाळ्यात आपण मागच्या छपराला एक दोर टांगला. छप्पर तपासून घेतले आहे, कार्यवाहांनी काळजी करू नये.

शेवटी एक सूचना. व्यायामशाळा पहाटे पाच ते सात उघडी असते. धावण्याची वेळ दर महिन्याच्या पहिल्या रविवारी सहा वाजता मैदानावर घेतली जाते. घड्याळ धरण्याचे काम, ज्याची हकिकत आम्ही मघाशी सांगितली, तोच आता करतो. दोन सेकंदांची सूट तो कोणालाही देत नाही, तेव्हा वशिला घेऊन आमच्याकडे येऊ नये. येताना वही आणि पाण्याची बाटली आणावी.