ओझोनचं यंत्र घ्यायचं का?



आळंदीला इंद्रायणीवर तरंगणारा पांढरा फेस आपण पाहिलाय. साबण-डिटर्जंटसारख्या द्रव्यांमुळे तो होतो, म्हणून दिसतो तरी. पण पिंपरी-चिंचवड, चाकणसारख्या पट्ट्यात घरांच्या आणि कारखान्यांच्या सांडपाण्यातून औषधांचे अंश, रंग, इतर रसायनंही नदीत येऊ शकतात. ती डोळ्यांना दिसत नाहीत. दहा हजार लिटरच्या शंभर टँकरमध्ये एक ग्रॅम, इतकी ती थोडी असू शकतात.

बैठकीत बायका आम्हाला विचारतात, "ताई, पाणी उकळलं की झालं ना?" उकळल्यानं जंतू मरतात, ते सोडू नका. तुरटीनं गाळ बसतो. पण अशी बरीच रसायनं पाण्यात तशीच राहतात.

त्यांच्यावर एक उपाय ओझोनचा. प्राणवायूच्या कणात दोन अणू असतात. विजेच्या जोरावर तीन जोडले की ओझोन होतो. फ्रान्समधल्या नीस शहरात 1906 पासून पिण्याचं पाणी ओझोननं शुद्ध करू लागले. काही चिवट रसायनं मात्र नुसत्या ओझोनला दाद देत नाहीत. तिथे लोह, मँगनीज किंवा कोळशासारखा उत्प्रेरक वापरतात. चुलीला फुंकणी असते ना? ती स्वतः जळत नाही, पण जाळ वाढवते. उत्प्रेरकाचं तसंच. त्याच्यामुळे ओझोनपासून जास्त जोरकस कण तयार होतात आणि ते रसायनाचे तुकडे करतात.

हे तुकडेही गाळावे लागतात, म्हणून पुढे कोळशाची गाळणी हवी. आणि आधी गाळ, मैला काढलेला हवा, नाहीतर ओझोन त्यातच संपतो. म्हणजे हे काम कारखान्याच्या आणि शहराच्या शुद्धीकरण केंद्राचं, शेवटच्या टप्प्यावरचं.

म्हणून आमचं सांगणं: कुणी दारात येऊन ओझोनचं यंत्र विकू लागला, तर गटाच्या बचतीला लगेच हात लावू नका. तो वायू श्वासात गेला तर फुप्फुसांना अपाय करतो. कोणती रसायनं जातात, त्याचा प्रयोगशाळेचा अहवाल आधी मागा.

जलजीवन मिशनमध्ये गावातल्या पाच महिलांना पाणी तपासायला शिकवतात. त्या पेटीत नायट्रेट, क्लोरीन कळतं. औषधांचे अंश कळत नाहीत. नदीकाठच्या विहिरीच्या पाण्याची प्रयोगशाळेत तपासणी व्हावी, असा ठराव ग्रामसभेत मांडा. पाण्याला रंग, वास आला तर तारीख, वेळ, जागा लिहून फोटोसह प्रदूषण नियंत्रण मंडळाकडे तक्रार द्या, पोच घ्या. एकटीनं नको, गटानं जाऊया.