तिरक्या उजेडात



माझा एक शाळेपासूनचा मित्र रंगकाम करतो. घरं रंगवतो. आधी भिंत खरवडायची, लांबी भरायची, घासपेपर मारायचा, प्रायमर लावायचा आणि मग रंगाचे दोन हात. मुंबईत त्याची सारी उमर ह्यात गेली. फोर्टातल्या इमारतींना त्यानं झुल्यावर बसून रंग दिलाय. रीगलच्या चौकातून तो हजार वेळा गेला असेल, पण तिथल्या राष्ट्रीय आधुनिक कला संग्रहालयात त्यानं कधी पाऊल टाकलं नव्हतं. ‘आपलं काय काम तिथे?’ एवढंच म्हणायचा.

२०१९ साली तिथे प्रभाकर बरवे यांच्या चित्रांचं मोठं प्रदर्शन भरलं, तेव्हा मी त्याला जवळजवळ ओढूनच नेलं. बरवे अलिबागजवळच्या नागावचे, हे सांगितल्यावर तो जरा सैल झाला. त्याचं गाव चौल. ‘नागाव म्हणजे आमच्या शेजारचंच की!’ म्हणाला आणि चप्पल झटकून आत आला.

ही वास्तू म्हणजे १९११ साली बांधलेला सर कावसजी जहांगीर हॉल. समोरचं म्युझियम आणि गेटवे ऑफ इंडिया उभारणारे जॉर्ज विटेट हेच याचेही वास्तुरचनाकार. एके काळी इथे सभा भरत, गाणी होत. १९९६ पासून इथे चित्रं लागतात. अर्धगोल दालनं एकावर एक चढत जातात. मित्रानं आधी भिंतीच पाहिल्या, अगदी कोपऱ्यापर्यंत, आणि मान हलवून पुढे निघाला.

मी तयारीनं गेलो होतो. बरव्यांचं १९९० साली आलेलं ‘कोरा कॅनव्हास’ मी पुन्हा वाचलं होतं. ते जे. जे.चे विद्यार्थी, पुढे विणकर सेवा केंद्रात नोकरी, त्या निमित्तानं काशीतला मुक्काम, तिथे झालेली तंत्रकलेची ओळख, असं सगळं मला त्याला सांगायचं होतं. एका चित्रापुढे मी सुरुवातही केली. शेजारी वळून पाहतो तर मित्र जागेवर नाही.

तो चित्राच्या बाजूला, भिंतीला जवळजवळ गाल लावून उभा होता. एक डोळा मिटून कॅनव्हासवरून तिरकं पाहत होता. रंगारी नवी भिंत अशीच तपासतात. समोरून गुळगुळीत दिसणारी भिंत बाजूनं, तिरक्या उजेडात पाहिली की लांबीतला खड्डा न् खड्डा दिसतो. रखवालदार लगबगीनं आला आणि त्यानं हातानंच मागे सरकायची खूण केली. मित्र दोन पावलं मागे आला, माझ्याकडे वळला आणि हळू आवाजात म्हणाला, ‘अरे, हा तर ऑइलपेंट आहे. आपला डब्यातला.’

खरं होतं. बरव्यांनी कॅनव्हाससाठी एनॅमल रंग जवळ केला होता. दारं-खिडक्यांना लावतात तोच. मी हे पुस्तकात वाचलं होतं, ह्यानं ते डोळ्यांनी ओळखलं.

मग बोलायची पाळी त्याची होती. एनॅमल हट्टी असतो, म्हणाला. उभ्या पृष्ठभागावर जास्त घेतला की ओघळतो. अर्धवट सुकल्यावर पुन्हा ब्रश फिरवला की खेचतो. डबा उघडा राहिला तर साय धरतो. ‘आणि ह्या माणसानं बघ, कड कशी कापलीय. एवढ्या पानाच्या टोकाला!’ शाळा-दवाखान्यांच्या भिंतींवर खालचा ऑइलपेंट आणि वरचा डिस्टेंपर ह्यांच्यामध्ये एक पट्टी ओढतात ना, ती हा मित्र आजही हातानं सरळ ओढतो. त्यामुळे त्या कडेची किंमत त्याला कळत होती.

आमच्या मागे कुणीतरी कुजबुजत होतं की ह्या चित्राचा अर्थ काय असावा. घड्याळ, पान, पिन, ढग अशा साध्या वस्तू, एकमेकींपासून लांब, मोकळ्या जागेत तरंगणाऱ्या. मलाही कितीतरी वर्षं हाच प्रश्न पडत आलेला. मित्राला तो पडलाच नाही. तो त्या मोकळ्या जागेकडेच पाहत होता. म्हणाला, ‘वेलबुट्टी काढली की चूक लपते. मोकळी भिंत काही लपवत नाही. एवढी जागा सोडायला छाती लागते.’

श्रोतेहो, बरव्यांच्या चित्रातल्या रिकाम्या जागेबद्दल मी बरंच वाचलंय. पण ती जागा कुणीतरी हातानं, श्वास धरून रंगवलेली आहे, हे मला त्या दिवशी पहिल्यांदा दिसलं. आणि मनापासून वाईट वाटलं, की हा माणूस इतकी वर्षं ह्या दारावरून नुसताच जात राहिला. तुमच्या ओळखीत कुणी सुतार असेल, शिंपी असेल, छापखान्यात काम केलेलं कुणी असेल, तर त्यांना एकदा अशा ठिकाणी घेऊन जा. समजावून सांगायला नको. त्यांच्याशेजारी उभे राहा आणि ते कुठे पाहतात तिकडे पाहा.

बाहेर पडल्यावर तो फारसा बोलला नाही. चौकात चहा घेतला आणि आपापल्या गाड्या पकडल्या.

पुढच्या रविवारी सकाळी त्याचा फोन आला. मागे माणसांचे आवाज घुमत होते. ‘हाताखालच्या दोन पोरांना घेऊन आलोय,’ म्हणाला, ‘ते पानाचं चित्र कितव्या मजल्यावर होतं रे?’