अहवालात न मावणारे यश

(प्राथमिक शिक्षकांसाठी झालेल्या दोन दिवसांच्या कार्यशाळेच्या समारोपात केलेले भाषण. छपाईसाठी थोडे आटोपशीर केले आहे.)



समारोपाच्या वक्त्यापुढे दोन अडचणी असतात. श्रोते दमलेले असतात आणि बऱ्याच जणांना शेवटची बस गाठायची असते. म्हणून मी फार पसारा मांडणार नाही. कार्यक्रमपत्रिकेवर माझ्या भाषणाचा विषय 'प्राथमिक शाळेतील समाजजीवन आणि विद्यार्थ्यांचे यश' असा छापला आहे. त्यातला एकच प्रश्न मी घेते. आपल्या शाळेतल्या मुलाने यश मिळवले असे आपण कधी म्हणतो, आणि ते यश कसे लिहून ठेवतो?

मी महाविद्यालयात शिकवते. माझ्याकडे मूल येते ते बारा वर्षे शिकून आलेले असते. ज्याला अजून पेन्सिल धरता येत नाही अशा मुलासमोर पहिल्या दिवशी उभे राहण्याचे धाडस मला कधी करावे लागलेले नाही. त्यामुळे तुम्हांला शिकवण्याचा अधिकार मला नाही. पण या शाळांशी माझे दोन प्रकारचे नाते आहे. एक म्हणजे मी स्वतः सरकारी मराठी प्राथमिक शाळेत शिकले. दुसरे म्हणजे पीएच.डी.साठी धालोची गाणी गोळा करत मी गावोगाव हिंडले, तेव्हा बायकांना एकत्र बसायला सोयीची जागा म्हणून बहुतेक गावांत शाळेचीच ओसरी मिळायची. गाणी उतरवून घेता घेता मी शाळाही पाहत गेले.

गोव्यातली मराठी शाळा सरकारी झाली ती अलीकडे. त्याआधी ती गावाची होती. पोर्तुगीज राजवटीत सरकारी शिक्षणाची भाषा पोर्तुगीज. मुलांना मराठी लिहा-वाचायला शिकवायचे तर गावाने स्वतः मास्तर शोधायचा, देवळाच्या अग्रशाळेत किंवा कुणाच्या तरी ओसरीवर वर्ग भरवायचा आणि मास्तरांच्या जेवणाची सोय घराघरांत लावून द्यायची. पणजीची मुष्टिफंड संस्था १९०८ सालची. मूठभर तांदूळ ही वर्गणी तिच्या नावातच आहे. १९ डिसेंबर १९६१ रोजी गोवा मुक्त झाला आणि भाऊसाहेब बांदोडकरांच्या काळात गावोगाव सरकारी प्राथमिक शाळा उघडल्या, तेव्हा इमारती कुठे होत्या? पुष्कळ शाळा पुन्हा देवळांच्या मंडपांतच भरल्या. सावंतवाडी, वेंगुर्ले, कोल्हापूर या बाजूंचे तरुण मास्तर होऊन आले. माझे मास्तर त्यांपैकीच एक. ते 'पाणी' म्हणायचे आणि आम्ही 'उदक'. पहिलीचे निम्मे वर्ष आमचे एकमेकांचे बोलणे समजून घेण्यातच गेले असावे. पण घरची भाषा बोलली म्हणून त्यांनी कुणाला हसल्याचे मला आठवत नाही. ते विचारायचे, "तुमच्याकडे याला काय म्हणतात?" आणि आम्ही सगळे एकदम ओरडायचो.

ही आठवण मी उगाच काढली नाही. काही वर्षांपूर्वी सत्तरीतल्या एका गावी सरस्वती पूजनाला गेले होते. नवरात्राच्या दिवसांत शाळेतल्या सरस्वती पूजनाला आपल्या गावांत काय महत्त्व असते हे तुम्हांला सांगायला नको. मुले पाटीवर एकाच्या आकड्यांची सरस्वती काढून आणतात. कुणाच्या घरून नारळ येतो, कुणाच्या परसातून अबोली. आरतीला घुमट वाजवायला माजी विद्यार्थी येतात आणि त्यांतल्या निम्म्यांचे केस पांढरे झालेले असतात. प्रसादाची पातेली महिला मंडळ सांभाळते. मग फुगडी, गाणी, छोटेसे नाटुकले. शाळेचा पट असतो पंधरा-वीस मुलांचा, आणि जमलेले गाव दीडशे माणसांचे.

त्या शाळेत एकच खोली होती, एकच शिक्षिका आणि चार इयत्ता. पटावर नऊ मुले. त्यांतल्या चौघांचे आईवडील कर्नाटकातून बांधकामावर कामाला आलेले. त्या चौघांपैकी दुसरीतल्या एका मुलीने त्या दिवशी गोष्ट सांगितली. माकड आणि मगरीची, आपल्या सर्वांच्या ओळखीची. उच्चार पुष्कळ ठिकाणी अडखळत होते. पण माकड झाडावर उडी मारून मगरीला फटकारते तिथे तिने असा आवाज लावला की मागे उभी असलेली पुरुषमंडळीही हसली.

माझे लक्ष मात्र दाराकडे गेले. तिथे तिची आई उभी होती, कडेवर लहान मूल. तिला मराठी येत नव्हती, कोंकणीही बाजारापुरती. पण मुलगी बोलत होती तेव्हा आईचे ओठ हलत होते. शब्दाला शब्द. रोज रात्री मुलगी घरी सराव करायची. ऐकून ऐकून आईला सगळी गोष्ट पाठ झाली होती.

कार्यक्रम संपल्यावर मी बाईंशी बोलत बसले. त्यांनी सांगितले, ही मुलगी आदल्या वर्षी जूनमध्ये आली तेव्हा तीन आठवडे बोललीच नाही. एके दिवशी तहान लागली आणि ती 'नीरू' म्हणाली. चौथीतल्या एका मुलाचे घर बांधकामाच्या जागेजवळ. त्याला तो शब्द कानावरून माहीत होता. त्याने सांगितले, "बाई, तिला उदक हवे." बाईंनी तांब्या पुढे केला आणि फळ्यावर तीन शब्द एकाखाली एक लिहिले : उदक, पाणी, नीरू. त्या दिवशी चारही इयत्तांचा भाषेचा तास तिथेच झाला. पहिलीने तीन शब्द गिरवले. दुसरीने घरातल्या आणखी पाच वस्तूंची तीन-तीन नावे शोधली. तिसरी-चौथीने त्यांची वाक्ये केली. पुढे त्या चौथीतल्या मुलाला कन्नडचे शंभरेक शब्द येऊ लागले, आणि मुलगी वर्षाअखेर मराठी वाचू लागली.

आता मी तुम्हांला त्या शाळेच्या वार्षिक अहवालातली ओळ सांगते. बाईंनी मला अहवाल दाखवला होता. 'विद्यार्थ्यांचे यश' या मथळ्याखाली होते : केंद्र पातळीवरील कथाकथन स्पर्धा, उत्तेजनार्थ, एक.

बस्स. एवढेच. नीरूपासून उत्तेजनार्थ बक्षिसापर्यंतचे अंतर त्या ओळीत नाही. चौथीतला तो दुभाषी तर अहवालात कुठेच नाही, कारण दुभाषेपणाची स्पर्धा नसते. आणि दारात उभी राहून अख्खी गोष्ट ओठांत म्हणणारी आई कुठल्या मथळ्याखाली घालायची?

मी बाईंना दोष देत नाही. अहवालाचा नमुना वरून येतो. स्पर्धेचे नाव, पातळी, क्रमांक, विद्यार्थिसंख्या. रकाने भरायचे असतात आणि एकाच शिक्षिकेने पोषण आहाराच्या नोंदींपासून मतदार याद्यांपर्यंत सगळे पाहायचे असते. पण आपण जे लिहून ठेवत नाही ते हळूहळू आपल्यालाही दिसेनासे होते. मग यश म्हणजे फक्त करंडक असा समज पक्का होतो. करंडकांच्या शर्यतीत शहरातली पाचशे मुलांची शाळा आणि नऊ मुलांची शाळा एका रेषेवर उभ्या केल्या की निकाल आधीच ठरलेला असतो. पालक तो निकाल वाचतात आणि मुलाला बालरथात बसवून तालुक्याच्या गावी पाठवतात. दोन वर्षांनी पट आणखी खाली येतो आणि शाळा जवळच्या शाळेत विलीन करण्याची चर्चा सुरू होते.

पट घटण्याची कारणे अनेक आहेत. घरात मुलेच कमी झाली. १९९० साली प्रादेशिक भाषांतून शिकवणाऱ्या प्राथमिक शाळांनाच अनुदान देण्याचे धोरण आले, पुढे २०११ साली इंग्रजी माध्यमाच्या प्राथमिक शाळांनाही ते मिळण्याचा मार्ग खुला झाला. त्या वादाच्या दोन्ही बाजू या सभागृहात बसलेल्या आहेत. मी आज त्यात शिरत नाही. कारण धोरणाबद्दल बोलण्याआधी मला स्वतःबद्दल एक गोष्ट सांगितली पाहिजे.

माझा मुलगा मराठी शाळेत शिकला नाही. त्याच्या प्रवेशाची वेळ आली तेव्हा आम्ही शहरात राहत होतो. घरापासून दहा मिनिटांवर सरकारी मराठी प्राथमिक शाळा होती. मी तिथे चौकशीलासुद्धा गेले नाही. मराठीच्या प्राध्यापिकेला कारणे सुचायला वेळ लागत नाही. त्याच्या वर्गात आपल्यासारख्या घरची मुले नसतील, पुढे पाचवीत सगळे इंग्रजी आल्यावर तो मागे पडेल, अशी कारणे मी स्वतःला दिली. आता तो पंचवीस वर्षांचा आहे, चांगला आहे, कर्तबगार आहे. मागच्या वर्षी माझ्या आईच्या ट्रंकेत तिची एक वही सापडली. त्यात धालोची गाणी तिच्या हस्ताक्षरात होती. मी ती त्याच्या हातात दिली. त्याने दोन ओळी लावल्या, मग म्हणाला, "आई, तूच वाचून दाखव ना." मी वाचून दाखवले. त्याने प्रेमाने ऐकले. पण मी नसेन तेव्हा ती वही त्याला कोण वाचून दाखवणार?

माझी आई चौथी शिकली होती. गाणी लिहून ठेवण्यापुरती अक्षरे तिला मिळाली. बांधकामावरच्या त्या बाईच्या मुलीलाही ती मिळाली. मधल्या माझ्या घरात मात्र सगळे काही असून ती पोहोचली नाहीत. म्हणून आज मी कुणा पालकाला उपदेश करू शकत नाही. एवढेच म्हणू शकते की मी तेव्हा त्या शाळेत चौकशीला गेले असते, तर मला तिथे काय दिसले असते? दर्शनी भागात करंडकांचे एक धूळ खाणारे कपाट आणि भिंतीवर सुविचार. फळ्यावरचे तीन शब्द मला कुणी दाखवले नसते, कारण ते दुसऱ्या दिवशी पुसलेले असतात.

म्हणून माझ्या सूचना अगदी साध्या आहेत आणि त्यांना पैसा लागत नाही.

पहिली सूचना : प्रत्येक शाळेत एक वेगळी वही ठेवा. प्रत्येक मुलाला एक पान. जूनमध्ये दोन ओळी : हे मूल घरी कोणती भाषा बोलते, आज त्याला काय येते. एप्रिलमध्ये दोन ओळी : आता काय येते. नऊ मुलांच्या शाळेत हे अठरा परिच्छेद होतात. शाळा लहान असणे ही इथे अडचण नाही, ती सोयच आहे. पाचशे मुलांच्या शाळेला हे जमणार नाही. पालक चौकशीला येतील तेव्हा करंडकाच्या कपाटाऐवजी ही वही त्यांच्यापुढे ठेवा.

दुसरी सूचना : एक मूल दुसऱ्याला शिकवते त्याची नोंद करा. एका खोलीत चार इयत्ता बसणे ही ओढवलेली परिस्थिती आहे, तिचे गोडवे मी गाणार नाही. शिक्षण हक्क कायद्याप्रमाणे अशा लहान शाळेलाही किमान दोन शिक्षक हवेत आणि ते आपण मागितलेच पाहिजेत. पण तोपर्यंत चौथीचा मुलगा पहिलीच्या मुलीला सांभाळून घेतो, हे त्याचे यश आहे. ते त्याच्या प्रगतिपुस्तकात एका ओळीने आले तर त्याच्या घरी ती ओळ चार वेळा वाचली जाईल.

तिसरी सूचना : गावाला केवळ प्रेक्षक म्हणून बोलावू नका. शाळा व्यवस्थापन समितीत तीन चतुर्थांश पालक असतात, निम्म्या महिला असतात. बहुतेक ठिकाणी त्या सह्या करतात. त्याच बायकांना फुगडीची आणि धालोची गाणी येतात, मातोळीला बांधायच्या रानफळांची नावे येतात. महिन्यातून एक तास त्यांना वर्गात बसवा, मुलांना ती नावे लिहू द्या. कन्नड बोलणाऱ्या आईलाही बोलवा. तिची गोष्ट तिच्या मुलीने मराठीत आणावी. वर्षाअखेर या कागदांना दोरा ओवला की हस्तलिखित तयार होते.

आणि एक विनंती अकादमीला. आपण दरवर्षी साहित्यिकांचा सत्कार करतो, तो जरूर करावा. पण या वार्षिकात चार पाने अशा हस्तलिखितांसाठी राखावीत. क्रमांक देऊ नयेत. मुलांनी जसे लिहिले तसेच, त्यांच्या ऱ्हस्व-दीर्घांसकट छापावे. आमच्यासारख्यांचे लेख चार पानांनी कमी झाले तर वाचकांची फारशी तक्रार येणार नाही.

त्या सत्तरीतल्या शाळेचे पुढे काय झाले, असे तुम्ही विचाराल. मागच्या जूनमध्ये मी बाईंना फोन केला होता. नऊमधली तीन मुले पाचवीत गेली, दोन नवी आली. म्हणजे आठ. गोष्ट सांगणारी मुलगी तिथेच आहे. तिच्या कडेवरच्या भावाचा यंदा पहिलीत प्रवेश झाला. बाई म्हणाल्या, "मॅडम, गंमत म्हणजे तो पहिल्याच दिवशी पाणी म्हणाला." घरात दोन वर्षे मराठी गोष्टी ऐकत तो वाढला होता.

त्याचे पान उघडताना बाईंनी जूनच्या नोंदीत हेच लिहावे, असे मी त्यांना सुचवले. त्यांनी लिहिले असेल. तुम्हीही सोमवारी शाळेत गेल्यावर पहिले पान उघडा.