बाळाची पहाटेची झोप
(अकोले तालुक्यातील एका मातामेळाव्यात परिचारिकेने केलेले भाषण)

मायबहिणींनो, सासूबाईंनो आणि मागे दाराशी उभ्या असलेल्या दादांनो,

आजचा विषय तुम्हीच दिलेला आहे. वाडीवस्तीवर गेले की आया मला म्हणतात, "सिस्टर, पोर पहाटे चारला उठतंय आणि मग काही केल्या झोपत नाही. काहीतरी औषध द्या." तुमची अडचण मला कळते. पाणी भरायचे, चूल पेटवायची, भाकरी थापायची आणि उजाडताच आवणीला जायचे. रडणारे मूल कडेवर घेऊन हे होत नाही. पण उत्तर देण्याआधी मी एकच प्रश्न विचारते, बाळ केवढे आहे?

बाळ दोन-तीन महिन्यांच्या आतले असेल तर ते उठते हे चांगलेच आहे. त्याचे पोट लहान असते. त्याला दर दोन-तीन तासांनी, रात्रीसुद्धा, अंगावरचे दूध लागते. जन्मताना ज्याचे वजन अडीच किलोपेक्षा कमी होते, ते स्वतः उठले नाही तर त्याला उठवून पाजायचे. आपल्याकडे म्हणतात, "लई गुणाचं पोर, नुसतं झोपून राहतं." बायांनो, अशा गुणाची मला भीती वाटते. बाळ दूध ओढत नसेल, हातपाय आणि पोट गार लागत असेल, हलवूनही नीट जागे होत नसेल, तर ती सुखाची झोप नव्हे. त्याला छातीशी उघड्या अंगाला धरा, वरून पांघरा, आशाताईला हाक मारा आणि १०८ ला फोन करा. सकाळची वाट पाहू नका. बाळंतपणानंतर बेचाळीस दिवसांपर्यंत आशाताई ठरलेल्या दिवशी घरी येते. ती आली की बाळ किती वेळा पिते, किती झोपते, हे तिला न लाजता सांगा.

आता सहा महिन्यांपुढच्या मुलांकडे येऊ. चार ते अकरा महिन्यांच्या बाळाला दिवसरात्र मिळून बारा ते सोळा तास झोप लागते, असे जागतिक आरोग्य संघटना सांगते. म्हणजे संध्याकाळी सातला झोपलेले मूल पाचला उठले, तर त्याची दहा तासांची रात्र झाली. उरलेली झोप ते दिवसा घेईल. ते काही हट्टी नाही. पण चारला उठून किरकिर करत असेल, डोळे चोळत असेल, तर त्याची झोप मोडली आहे. ती कशाने मोडते ते पाहा.

पहाटे झोप हलकी होते. नेमकी त्याच वेळी आई उठते. अंगाची ऊब जाते, दिवा लागतो, हंडा वाजतो, चुलीचा धूर घरात भरतो. लंगोट ओला असतो. कळसूबाईच्या पायथ्याच्या गावांत डिसेंबर-जानेवारीचा गारठा तुम्हाला मी काय सांगावा! त्यात मूल जागे झाले तर नवल नाही.

म्हणून रात्री निजताना कोरडा लंगोट बांधा, टोपडे-झबले घाला. गोधडी छातीपर्यंतच असावी, तोंडावर कधीच नको. बाळाला पाठीवर निजवा. संध्याकाळी नागलीची घट्ट पेज किंवा मऊ वरणभात भरवा आणि निजण्याआधी पाजा. दहापर्यंत जागवले म्हणजे सकाळी उशिरा उठेल असे समजू नका. फार दमलेले मूल उलट लवकर उठते. जूनमध्ये सहाच्या सुमारास सूर्य उगवतो, त्याआधीच फटीतून उजेड येतो. बाळाच्या बाजूला जुने लुगडे टांगा, पण वारा बंद करू नका.

पहाटे बाळ चुळबुळले की लगेच उचलू नका. थोडे थांबा, पुष्कळदा ते आपोआप पुन्हा झोपते. भूक असेल तर अंधारातच पाजा, बोलू-खेळवू नका, परत निजवा. चार-आठ दिवस असेच करा. एका रात्रीत फरक पडत नाही.

आणि दादांनो, आता तुमचे काम. आई उठली की तिच्या जागी बापाने किंवा आजीने येऊन बाळाजवळ आडवे व्हावे, पाठीवर हात ठेवावा. याला पैसा लागत नाही. मात्र दारू प्यायलेल्या माणसाने बाळाशेजारी झोपू नये. त्याच्या अंगाखाली बाळ गुदमरू शकते.

आता औषधाचे. शंभर वर्षांपूर्वी मुंबईच्या गिरण्यांत जाणाऱ्या कित्येक आया तान्ह्या मुलांना अफूची गोळी देत. तिला बाळागोळी म्हणत. त्या आया वाईट नव्हत्या. कामावर गेले नाही तर चूल पेटत नव्हती आणि मूल सांभाळायला कोणी नव्हते. पण अफूने मुलाचा श्वास मंदावतो, भूक मरते, आणि न रडता ते खंगत जाते. आजही कोणी दारूचे बोट चाटवते, कोणी खोकल्याचे औषध पाजते. हे करू नका. बाळाला झोपवणारे औषध माझ्याकडे नाही, आणि असते तरी दिले नसते.

आपल्याच जिल्ह्यात जामखेडला डॉ. रजनीकांत आणि डॉ. मेबल आरोळे यांनी १९७० साली काम सुरू केले. त्यांनी खेड्यातल्या, अक्षरओळख नसलेल्या बायांना आरोग्याचे शिक्षण दिले आणि त्या बायांनी आपापली गावे सुधारली. ज्ञान एका बाईकडून दुसरीकडे गेले. तुम्हीही आज ऐकलेले शेजारणीला सांगा. सगळे लक्षात राहिले नाही तर एवढेच सांगा, लहानग्याला उठवून पाजा, मोठ्याला ऊब, अंधार आणि माणूस द्या.

देव तुमच्या लेकरांना सुखाची झोप देवो, आणि तुम्हालाही घटकाभर विसावा मिळो.