रंगवलेलं हसू



बॅटमॅनचा वैरी जोकर जन्माला येण्याआधीच त्याचा चेहरा पडद्यावर येऊन गेला होता. १९२८ साली व्हिक्टर ह्यूगोच्या कादंबरीवर ‘द मॅन हू लाफ्स’ हा मूकपट निघाला. ज्याचं तोंड लहानपणीच कापून कायमचं हसरं केलंय, अशा माणसाची भूमिका त्यात कॉनराड फाइट या जर्मन नटाने केली. ओठांचे कोपरे आकड्यांनी मागे ओढलेले, त्यामुळे बोलायची सोयच नव्हती. मूकपट होता म्हणून निभावलं. १९४० मध्ये ‘बॅटमॅन’ या चित्रकथेच्या पहिल्या अंकात जोकर आला. तो मुळात कुणाला सुचला, याबद्दल तिचे कर्ते बॉब केन, बिल फिंगर आणि जेरी रॉबिन्सन यांच्या हकिकती जुळत नाहीत. पण ‘द मॅन हू लाफ्स’मधला फाइटचा फोटो त्यांच्यासमोर होता.

म्हणजे नटाचा पेच तिथूनच सुरू होतो. हसू आधीच चेहऱ्यावर कोरलेलं. मग त्याने करायचं काय?

१९६६च्या ‘बॅटमॅन’ दूरदर्शन मालिकेत सीझर रोमेरोने हा पेच मनावरच घेतला नाही. मिशी काढायला त्याने साफ नकार दिला, तेव्हा रंगभूषाकाराने मिशीवरूनच पांढरा रंग थापला. नीट पाहिलं तर दिसते! मला हा गृहस्थ फार आवडतो. पुढे १९८९ साली ‘बॅटमॅन’ चित्रपटात जॅक निकोल्सन आला. मानधन कमी घेऊन त्याने उत्पन्नात वाटा मागितला आणि चांगलाच कमावला. त्याचा अभिनय मात्र भुवयांतच जास्त राहिला.

हीथ लेजरपाशी थांबायला हवं. ‘द डार्क नाइट’मध्ये त्याच्या गालांवर चिकटवलेले व्रण बोलताना सैल व्हायचे. ते जिभेने सावरता सावरता ओठ चाटायची लकब लागली, आणि ती त्याने भूमिकेतच मुरवली. हे व्रण कसे झाले, हे जोकर एकदा बापावर ढकलून सांगतो, एकदा बायकोवर. तिसऱ्यांदा सुरुवात करतो तेव्हा बॅटमॅन ऐकूनच घेत नाही. नाव नाही, गाव नाही. आपल्याला भीती वाटते ती या नसण्याचीच. २२ जानेवारी २००८ रोजी, चित्रपट लागण्याआधी, वयाच्या अठ्ठाविसाव्या वर्षी लेजर गेला. ऑस्कर त्याच्या माघारी मिळालं. या भूमिकेनेच त्याचा जीव घेतला असं अजून बोललं जातं. ते मला पटत नाही. डॉक्टरांच्या चिठ्ठीवर मिळणाऱ्या औषधांच्या मिश्रणाने झालेला तो अपघाती मृत्यू होता. त्या मृत्यूची आख्यायिका केली की लेजरची मेहनत झाकली जाते.

२०१९ साली जोकरच्या भूमिकेसाठी वाकीन फीनिक्सने सुमारे तेवीस किलो वजन उतरवलं. त्याच्या जोकरचं हसू हा आजार आहे. बरगड्या पिळवटून ते बाहेर पडतं. स्वच्छतागृहातला तो नाच संहितेत नव्हताच. दिग्दर्शकाने संगीतकार हिल्डूर गुडनाडॉटिरचं संगीत ऐकवलं, आणि तो नाचू लागला. या भूमिकेला दुसरं ऑस्कर मिळालं. तरी माझी तक्रार आहे. तो असा का झाला याची आईपासून नोकरीपर्यंत सगळी कारणं हाती आल्यावर माझ्या मनात कणव येते, भीती उरत नाही.

आणि या यादीत ज्याचं नाव सहसा घेत नाहीत, तो मार्क हॅमिल. ‘स्टार वॉर्स’चा नायक. १९९२च्या कार्टून मालिकेपासून त्याने जोकरला आवाज दिला. चेहऱ्याचा प्रश्नच नाही. लाडीगोडीचं हसू निराळं, चिडल्यावरचं निराळं, खुनाआधीचं निराळं. घरी गेल्यावर एखादा भाग लावा आणि डोळे मिटून ऐका.