माणूस रजेवर, म्हणून फाईलही रजेवर?

कानात इअरफोन आणि समोर कंटेनरची रांग, असेच ऐकताय ना? मी बोलतोय जासईतून, म्हणजे दि. बा. पाटलांच्या गावातून. आजचा विषय: सरकारी ऑफिसातलं टीमवर्क आणि त्यात साहेबाचा हात.

आधी माझी चूक सांगतो. मी एका सरकारी ऑफिसात क्लार्क आहे. एका शुक्रवारी एक काका आले, जमीन प्रकल्पात गेलेले. मुलाच्या नोकरीच्या अर्जाला दाखला जोडायचा होता, शेवटची तारीख रविवार. फाईल शेजारच्या टेबलची आणि त्या मॅडम रजेवर. मी म्हणालो, "काका, ते माझं टेबल नाही. सोमवारी या." काका काही बोलले नाहीत. पिशवी उचलली आणि गेले. सोमवारी मॅडमनी पाच मिनिटांत फाईल काढली. पण तारीख गेली होती.

१९८४ च्या जानेवारीत याच जासई आणि दास्तान फाट्यावर लोक जमिनीच्या हक्कासाठी उभे राहिले, गोळीबारात पाच जण हुतात्मा झाले. त्याच गावचा मी, आणि मी म्हणतो, "माझं टेबल नाही"!

चूक माझीच. पण मी असा का वागलो? आमचे तेव्हाचे साहेब मीटिंगमध्ये एकच विचारायचे, "हे कुणी केलं?" दुसऱ्याच्या कपाटातला कागद हरवला तर मेमो आपल्यालाच. मग जो तो स्वतःचं कपाट राखत बसायचा.

मग साहेब बदलले. नव्या साहेबांनी टीमवर्कवर भाषण दिलं नाही. त्यांनी आम्हाला गठ्ठे बांधायला लावले! हा लखिना पॅटर्न. अनिलकुमार लखिना १९८० च्या दशकात तेव्हाच्या अहमदनगरचे जिल्हाधिकारी होते, त्यांनी ऑफिसची घडी बसवली. त्यातली सहा गठ्ठे पद्धत अशी: आज हातात घ्यायची प्रकरणं, उत्तराची वाट बघणारी, ठरावीक मुदतीनं पाठवायची माहिती, कायमचे आदेश, रेकॉर्ड रूमला जाणारी, आणि नष्ट करायचे 'ड' कागद. दिसायला साधं. पण यामुळे माझी फाईल शेजाऱ्याला सापडते. टीमवर्क म्हणजे हेच की!

साहेबांनी प्रत्येक टेबलला जोडीदार दिला. एकदा जोडीदाराच्या गठ्ठ्यातला कागद माझ्याकडून इकडचा तिकडे झाला. मला घाम फुटला. साहेब बाह्या सरसावून म्हणाले, "चला, शोधूया." अर्ध्या तासात सापडला. त्या दिवसापासून दुसऱ्याच्या फाईलची भीती गेली.

महाराष्ट्रात २००५ चा विलंब प्रतिबंधाचा कायदा आहे. साधारणपणे कुठलीही फाईल एका कर्मचाऱ्याकडे ७ कामकाजाच्या दिवसांहून जास्त राहू नये, असं तो सांगतो. कायदा दिवस मोजतो, पण शेजारच्या टेबलाकडे हात पुढे करायला साहेबानं आधी धीर द्यावा लागतो.

ते काका अजून नाक्यावर भेटतात. मान हलवतात. मला मात्र नजर देता येत नाही.

तुमच्यातलं कुणी उद्या साहेब किंवा मॅडम होईल. तेव्हा पहिला प्रश्न "कुणी केलं?" नको, "काय अडलंय?" असू दे. भेटू पुढच्या भागात!